शाळेचा डबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं पोळी-भाजी केंद्र ठाण्यात, नौपाड्यात आहे. जून उजाडला की पोळ्या न्यायला येणारे आई-बाबा आणि आजी-आजोबा डब्याचे प्रश्नही घेऊन येतात. घोडबंदरहून, ऐरोलीहून, पार खारघरहून व्हॉट्सअॅपवर विचारणा होते ती वेगळीच. तीच उत्तरं रोज तोंडी देण्यापेक्षा इथे लिहून ठेवली आहेत. आम्ही स्वयंपाकाच्या धंद्यातली माणसं, डॉक्टर नव्हे. मुलाचं वजन वाढतच नसेल, किंवा मधुमेहासारखं काही निघालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या. बाकी डब्याची आमची कसोटी एकच: रिकामा होऊन आला तो डबा पौष्टिक. परत आलेल्या मेथीतलं लोह कोणाच्याच अंगी लागत नाही.

डब्यात नेमकं किती द्यायचं?

आधी शाळेत सुट्टी किती मिनिटांची आहे ते विचारा. बहुतेक ठिकाणी छोटी सुट्टी दहा-पंधरा मिनिटांची आणि मोठी वीस-पंचवीस मिनिटांची असते. त्यातच हात धुणं, डब्याचं झाकण उघडणं, शेजारच्याच्या डब्यात डोकावणं आणि मैदानावर पळणं आलं. प्रत्यक्ष खायला आठ-दहा मिनिटं उरली तर खूप. घरी जे मूल अर्धा तास जेवतं त्याला शाळेत तेवढंच ताट दिलं तर निम्मं परत येणारच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशींप्रमाणे ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३६० किलोकॅलरी लागतात, ७ ते ९ वर्षांच्या मुलाला १७००. मोठ्या सुट्टीच्या डब्यात त्यातला पाव हिस्सा गेला तरी पुरे. पहिली-दुसरीतल्या मुलासाठी हा हिशेब दोन लहान पोळ्या, अर्धी वाटी सुकी भाजी किंवा उसळ आणि एखादं छोटं फळ एवढ्यावर येतो. चौथी-पाचवीत एक पोळी वाढवा. आजीला हे कमी वाटेल. आजीला सगळंच कमी वाटतं.

आमची शाळा सकाळची. पावणेसहाला उठवून सव्वासहाला बस. काही खातच नाही, काय करू?

त्या वेळी मोठी माणसंही खात नाहीत. जबरदस्ती केली तर घोडबंदरच्या वाहतुकीत बस अडकलेली असताना उलटी होते, आणि मग बसवाल्या काकांचं ऐकावं लागतं. अशा मुलाला निघताना अर्धा कप दूध किंवा एक केळं, तेही जमत नसेल तर दोन खजूर एवढंच द्या, आणि छोट्या सुट्टीचा डबा हाच नाश्ता समजा. म्हणजे त्यात बिस्किटांचा पुडा चालणार नाही. इडली, मुगाचं धिरडं, तिखटमिठाचा सांजा, पोहे असं पोटभरीचं काही हवं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असं सांगितलं होतं. ते सगळ्याच शाळांना जमलेलं नाही. तुमच्या शाळेला जमलं असेल तर घरूनच नीट खाऊन पाठवा आणि छोट्या सुट्टीला नुसतं फळ पुरे.

दुपारची शाळा असेल तर?

साडेअकराला वरण-भात-भाजी-पोळी जेवून मूल निघतं आणि सुट्टी होते तीन-साडेतीनला. तेव्हा भूक मधल्या वेळची असते. एक थालीपीठ, किंवा चिमटीभर तिखट घातलेले कुरमुरे-फुटाणे-शेंगदाणे आणि एक पेरू पुरतो. मात्र इथे डबा भरल्यापासून उघडेपर्यंत चार तास जातात, तेही भर दुपारचे, म्हणून ओलसर काही नको.

पोळी दुपारपर्यंत वातड होते. तुमची होत नाही, ती कशी?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. गुपित काही नाही, पण पायऱ्या बऱ्याच आहेत आणि त्यातली एक चुकली तरी पोळी कडक होते.

कणीक तुम्हाला वाटते त्यापेक्षा सैल मळा, हाताला जराशी चिकटेल इतकी. कोमट पाणी घ्या. दोन वाट्या पिठाला एक चमचा तेल पुरतं. मळून झाली की ओल्या फडक्याखाली किमान अर्धा तास मुरू द्या. पीठ पाणी पिऊन घेतं ते याच वेळात. घाईने मळून लगेच लाटलेली पोळी तव्यावर छान फुगते आणि दहा वाजेपर्यंत पापड होते. रात्रीच मळून फ्रिजमध्ये ठेवत असाल तर वरून तेलाचा हात फिरवा, डबा घट्ट लावा आणि सकाळी लाटण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा.

लाटताना घडी घाला. पहिल्या छोट्या पुरीवर तेल आणि किंचित पीठ लावून चार पदर केले की पोळी सुटसुटीत होते, पदरांत ओल राहते. तवा पुरता तापल्याशिवाय पोळी टाकू नका. मंद आचेवर पोळी शेकली जात नाही, नुसती वाळते. उतरवली की लगेच तूप लावा.

आता खरी मेख. गरम पोळी तशीच डब्यात कोंबली तर वाफेचं पाणी होतं. खालची पोळी ओलीगच्च आणि वरची चामड्यासारखी. जाळीवर किंवा फडक्यावर दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या, कोमट असतानाच चार घड्या करून सुती फडक्यात गुंडाळा आणि डब्यात ठेवा. पार गार होईपर्यंत उघडी ठेवलीत तरी ती वाळतेच.

कणकेत नाचणी, ज्वारी, सोयाबीन असं काहीबाही घालायची आता फार हौस असते. चार भागांत एक भाग, त्याहून जास्त नको. गव्हात जो चिवटपणा असतो तो या पिठांत नाही, त्यामुळे पोळीला चिरा पडतात आणि ती लवकर कडक होते. ज्वारी-बाजरीची भाकरी तर डब्यासाठी नकोच. ती तव्यावरून थेट ताटात खायची गोष्ट आहे.

भाजीचं तेल-पाणी सुटून दप्तर खराब होतं.

साध्या स्टीलच्या डब्याला रबरी रिंग नसते. त्यात रसभाजी देऊच नका. रिंगवाला डबाही दप्तरात आडवा पडला आणि वर विज्ञानाचं पुस्तक दाबलं गेलं की थोडं सोडतोच. उपाय भाजीतच करायचा. कोबी, फरसबी, तोंडली, गवार, बटाट्याच्या काचऱ्या, सुकी मटकी, फ्लॉवर-मटार या डब्याच्या भाज्या. भेंडीला मीठ शेवटी घाला, नाहीतर पाणी आणि तार दोन्ही सुटतात. ढोबळी मिरचीला भाजलेलं बेसन पेरा. सगळं पाणी पिऊन टाकतं आणि पीठ पेरलेली भाजी मुलांना आवडतेही. दुधी, पालक, लाल भोपळा, चाकवत यांच्या भाज्या घरी ताटात वाढा; डब्यासाठी त्याच भाज्या किसून किंवा चिरून थालीपिठात, मुटक्यांत घाला. भोपळ्याचे घारगे तर दुसऱ्या दिवशीही छान लागतात.

रोज भाजी तशीच परत येते. पोळी तेवढी खातो.

तो पोळी कशाशी खातो ते आधी शोधा. बऱ्याचदा उत्तर ‘मित्राच्या डब्यातल्या भाजीशी’ असं निघतं. मग त्या मित्राच्या आईला कृती विचारा, त्यात कमीपणा कसला.

आमच्या अनुभवात भाजी परत येण्याची कारणं चवीपेक्षा साधी असतात. फोडी मोठ्या असतात. पोळी तोडून भाजी उचलायची सवय लागलेली नसते. कढीपत्ता, मिरचीचे तुकडे, मोहरी दातांखाली येते. चमचा दिलेला नसतो. पहिलीतल्या मुलाला पोळी-भाजी वेगवेगळी देण्यापेक्षा भाजी पोळीत भरून सुरळी करून मधोमध कापून द्या, आणि एक आठवडा बघा. सुरळीची भाजी बारीक चिरलेली, कोरडी आणि पोळीला चिकटणारी हवी. मऊ शिजलेली बटाट्याची भाजी किंवा परतलेलं पनीर आत बसतं. मटकी मात्र खालून गळत राहते.

नवी भाजी एकटी पाठवू नका. आवडीच्या गोष्टीबरोबर दोन चमचे द्या. एखादी चव मुलाच्या जिभेला पटायला ती आठ-दहा वेळा समोर यावी लागते, आणि दोनदा परत आली की आपण नाद सोडतो. घरी आल्यावर दारातच ‘डबा संपवलास का?’ नको. आधी हात-पाय धुऊ द्या, मग डबा स्वतः मोरीत नेऊन ठेवायला सांगा. किती उरलंय ते तुम्हाला दिसतंच.

मुलगा सकाळी शाळेत, आम्ही दोघं कामावर. प्रोटीन कमी पडतंय असं वाटतं. पावडर सुरू करू का?

आधी हिशेब मांडा. ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. मध्यम आकाराच्या एका पोळीत सुमारे ३ ग्रॅम असतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत सुमारे ७. एका अंड्यात ६. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७. कपभर दुधात ६ च्या आसपास. दोन पोळ्या आणि मटकीची उसळ डब्यातून खाल्ली की निम्म्याहून अधिक काम डब्यातच झालं. संध्याकाळी दूध, रात्री वरण-भात झाला की पावडरीला जागाच उरत नाही. बाजारातल्या चॉकलेटी पावडरींच्या डब्यामागची घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर कितव्या नंबरला आहे ते पाहिलं की निर्णय आपोआप होतो.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट: धान्याच्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं आणि डाळींतली उणीव धान्य भरून काढतं. पोळी-उसळ, इडली, खिचडी, थालीपीठ या जोड्या आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत, त्या तशाच चालू द्या. भाजणीच्या थालीपिठात तर धान्यं आणि डाळी दळतानाच एकत्र आलेल्या असतात, म्हणून आमचं मत विचाराल तर डब्याचा राजा तोच. वर लोण्याचा गोळा मात्र घरी खाताना.

हिमोग्लोबिन कमी आलंय. डब्यातून काय देता येईल?

औषध डॉक्टर देतील ते आधी. डब्यापुरतं सांगायचं तर पोह्यांवर, उसळीवर, मेथीच्या मुटक्यांवर लिंबू पिळा. धान्य-भाज्यांतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, क जीवनसत्त्वाच्या सोबतीने जास्त शोषलं जातं. लिंबू नको असेल तर पेरूच्या फोडी किंवा संत्रं द्या. भाजी लोखंडी कढईत परतली तर थोडं लोह त्यातूनही उतरतं. आंबट पदार्थ मात्र शिजले की त्यात ठेवू नका, काळे पडतात आणि कडवट लागतात. खाण्याला लागून चहा नको. सकाळी चहा-पोळी खाऊन जाणारी मुलं ठाण्यात अजून पुष्कळ आहेत, आणि चहामुळे लोहाचं शोषण कमी होतं. पाळी सुरू होण्याच्या वयातल्या मुलींकडे जास्त लक्ष द्या: १० ते १२ वर्षांच्या मुलीला दिवसाला २८ मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला १६. हळिवाचे लाडू बाळंतिणींनीच खायचे असं कोणी सांगितलं? एक छोटा लाडू छोट्या सुट्टीत बसतो.

नाचणी खरंच एवढी चांगली का?

कॅल्शियमसाठी हो. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गहू-तांदळाच्या कितीतरी पट. दूध न पिणाऱ्या मुलांसाठी तर सोयच. डब्यात नाचणीचं घावन किंवा गूळ-तुपातला लाडू द्या. नाचणीची बिस्किटं म्हणून जी विकतात त्यांत बऱ्याचदा नाचणी नावापुरती आणि मैदा पोटभर असतो.

रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन डब्यात दिला तर चालेल?

ठाणे-नवी मुंबईच्या हवेत आमचं उत्तर: डब्यात नको, घरी नाश्त्याला चालेल, तेही भात रात्री नीट ठेवला असेल तर.

कारण असं. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. शिजलेला भात ओट्यावर तासन् तास राहिला की त्यांचे जिवाणू होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसं होत नाही. म्हणजे ‘चांगली खमंग फोडणी दिली होती’ या म्हणण्याला अर्थ नाही. भात उरणार असं दिसलं की ताटात पसरून गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका आणि सकाळी वाफा येईपर्यंत तापवून तिथेच खा. हाच भात मग चार तास दप्तरात फिरवला तर रात्रीच्या सगळ्या काळजीवर पाणी पडतं. डब्यात भात द्यायचाच असेल तर सकाळी ताजा लावा आणि छोट्या सुट्टीत खायला सांगा.

रात्रीच्या पोळीचं तसं नाही. तिचा कुस्करा जरूर द्या, भरपूर कांदा आणि वर लिंबू.

उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात काय टाळायचं?

अन्नात जिवाणू झपाट्याने वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान. नासू शकणारं अन्न या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त नको, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडे ऑक्टोबरात आणि मार्चपासून पुढे दुपारी ३२ हा आकडा सहज ओलांडला जातो, आणि सीबीएसईच्या शाळा तर एप्रिलातही भरलेल्या असतात.

नियम सगळ्या पदार्थांना सारखा जाचत नाही. पोळी, कोरडी चटणी, लाडू, चिक्की, भाजलेले चणे यांत पाणी कमी, त्यांना उन्हाचं फारसं भय नाही. ओल्या नारळाची चटणी, दही, दहीभात, मेयोनीज लावलेलं सँडविच, पनीर, उकडलेल्या बटाट्याचं सारण हे लवकर उतरतं. म्हणून आम्ही सगळ्यांना एकच वाटणी सांगतो: ओलसर पदार्थ छोट्या सुट्टीला, कोरडे मोठ्या सुट्टीला. लोक बरोबर उलटं करतात, छोट्या सुट्टीला चिवडा आणि मोठ्या सुट्टीला इडली-चटणी.

इडलीबरोबर ओल्या चटणीऐवजी तेल लावलेली शेंगदाण्याची, तिळाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी द्या. इडलीच्या मधोमध आधीच चोपडून ठेवली की सांडत नाही.

गरम ठेवणारा डबा घेतला आहे, तरी खिचडी कोमट होते.

आधी त्यात उकळतं पाणी घालून पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा. पाणी ओता, लगेच वाफाळती खिचडी गळ्यापर्यंत भरा आणि झाकण लावा. अर्धा भरलेला डबा लवकर निवतो. उघडताना वाफ आली नाही तर तो डबा अन्न गरम ठेवत नाहीये, जिवाणूंना ऊब देतोय. मग त्यापेक्षा साधा डबा आणि कोरडं खाणं बरं.

पावसाळ्यात भाज्या महाग आणि कसल्याही मिळतात.

जुलै-ऑगस्टमध्ये घाटावर जोराचा पाऊस झाला की वाशीच्या घाऊक बाजारात आवक घटते आणि दोन दिवसांत जांभळी नाक्यावर कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन लोक भाव ऐकून खाली ठेवताना दिसतात. ते दिवस कडधान्यांचे. मूग, मटकी, चवळी, हिरवे वाटाणे, काळे चणे आलटून पालटून. पालेभाजी घेतलीच तर निवडून, दोन-तीन पाण्यांत धुऊन, निथळून मगच चिरा. चिखल आणि अळ्या दोन्ही याच दिवसांत.

येऊरच्या बाजूने आदिवासी बायका टाकळा, कुरडू, फोडशी अशा रानभाज्या घेऊन स्टेशनाकडे बसतात. घ्या, आवर्जून घ्या, पण आधी घरी खाऊ घाला. शेवळं तर डब्यात नकोतच. काकडं (शेवळांबरोबर शिजवायची आंबट रानफळं) घालून नीट शिजली नाहीत तर घशाला खाज सुटते, आणि ती शाळेत सुटलेली कोणाला हवी आहे?

फळं काळी पडतात, चिरडतात.

सफरचंदाच्या फोडी मीठ-लिंबाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून निथळा. केळं सालीसकट. पेरू, चिक्कू घट्ट असताना. संत्रं सोलून, फोडी सुट्या करून द्या, नाहीतर सोलण्यातच सुट्टी संपते. डाळिंबाचे दाणे छोट्या डबीत चमच्यासह. पाच वर्षांखालच्या मुलांना द्राक्षं उभी चिरून द्या आणि अख्खे शेंगदाणे-चणे देऊ नका, घशात अडकतात. हापूस मात्र घरी. पांढऱ्या गणवेशाकडे बघून सांगतोय.

शाळेने शेंगदाणे आणू नका असं कळवलंय. मराठी घरात हे कसं जमवायचं?

जमवावं लागतं, कारण वर्गात कोणाला तरी अॅलर्जी असते म्हणूनच ती सूचना येते. पंचाईत अशी की आपल्याकडे दाणे दिसत नाहीत, कूट होऊन सगळीकडे जातात: साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, मेथीची भाजी, लसणीची चटणी. दाण्याचं तेल वेगळंच. कुटाच्या जागी भाजलेलं डाळं वाटून किंवा सुकं खोबरं वापरा. तीळ वापरण्याआधी शाळेला विचारा, कारण काहींना तिळाचीही अॅलर्जी असते.

आणि तुमच्याच मुलाला अॅलर्जी असेल तर ‘डबे वाटून खा’ हे संस्कार बाजूला ठेवा, वर्गशिक्षिकांना लेखी कळवा. खाल्ल्यावर ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, उलट्या, श्वास लागणं असं काही दिसलं तर वाट न बघता रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा.

अंडं देऊ का?

शाळेची हरकत नसेल तर जरूर. काही शाळांत डबा शाकाहारीच असावा असा नियम असतो. उकडलेलं अंडं सोलून, पूर्ण गार करून, मीठ-मिरपूड पुडीत वेगळी; खायचं छोट्या सुट्टीत. गरम अंडं बंद केलं की झाकण उघडताच जो वास येतो त्याने अख्खा बाक चिडवतो, आणि दुसऱ्या दिवसापासून मूल अंडं खात नाही.

वेफर्स, नूडल्स, कँटीन, गेटवरचा वडापाव?

केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. नियम किती पाळला जातो ते शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभं राहून बघा. पालक सभेत विषय काढा, एकट्याने भांडण्यापेक्षा चार जणांनी पत्र द्या.

घरात मात्र कडक बंदी घालून काही साधत नाही. ठाण्यातल्या मुलाने वडापाव खायचा नाही असं कोण म्हणेल? शनिवारी संध्याकाळी, गरम, आपल्याबरोबर. डब्यात गार वडा पाठवण्यात वड्याचाही अपमान आहे. नूडल्स डब्यात गोळा होतात; तीच हौस शेवयांच्या उपम्यावर भागते, गाजर-मटार घालून.

सगळं पटतं, पण सकाळी ८ च्या आत लोकल पकडायची असते.

मग काम आदल्या दिवशी सरकवा. रविवारी कडधान्य भिजवून मोड आणून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस राहतं. इडली-धिरड्याचं पीठही तितकंच. कोरडी चटणी पंधरवडा जाते, थालिपीठाची भाजणी कितीतरी महिने. भाजी रात्री चिरून ठेवा, फोडणी सकाळी. बटाटे रात्री उकडले तर लगेच फ्रिजमध्ये. ओलं वाटण मात्र साठवू नका.

आठवडा आधी ठरलेला असला की सकाळी डोकं चालवावं लागत नाही. आमच्याकडच्या एका नेहमीच्या ताईंचा क्रम असा: सोमवारी पोळी-उसळ, मंगळवारी थालीपीठ, बुधवारी पोळी आणि फळभाजी, गुरुवारी इडली किंवा धिरडं, शुक्रवारी लेकीच्या मर्जीचं. शुक्रवारचा डबा लेक स्वतः भरते. त्यात एकदा नुसती गूळ-तूप-पोळी आणि दहा-बारा बोरं होती. संपली.

पोळ्या आणि भाजी दोन्ही तुमच्याकडूनच घेतली तर?

पोळ्या घ्या, आनंदाने देऊ. भाजी लहान मुलांसाठी घरीच करा असं आम्ही स्वतःच सांगतो. आमच्या भाज्या मोठ्यांच्या चवीच्या, तिखट-तेल थोडं पुढे, आणि सकाळच्या पहिल्या घाण्याची भाजी मिळेलच असं नाही. कुठूनही घेतलीत तरी अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक लावलेला आहे का बघा, आणि ‘भाजी किती वाजता केली?’ हे बेधडक विचारा. चांगल्या केंद्रवाल्याला त्याचा राग येत नाही.

महापालिकेच्या शाळेत पोषण आहार मिळतो. तरी डबा द्यायचा?

पीएम पोषण योजनेत शासकीय आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत शिजवलेलं जेवण मिळतं. पहिली ते पाचवीसाठी ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीसाठी ७०० आणि २० असं त्याचं प्रमाण ठरलेलं आहे. मूल ते खात असेल तर वर पूर्ण डबा नको. एक फळ किंवा लाडू द्या.

डबा कोणता घ्यावा?

स्टीलचा, दोन कप्प्यांचा, आणि मुलाला एकट्याने उघडता येईल असा. दुकानातच त्याच्याकडून तीनदा उघडून घ्या. क्लिप इतकी घट्ट असते की बालवाडीतली मुलं ताईंकडे डबे घेऊन रांग लावतात. प्लॅस्टिकच्या डब्यात गरम पदार्थ भरू नका. लिंबू पिळलेलं, टोमॅटोचं काही अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळू नका. रिंग रोज काढून धुवा. बहुतेक डब्यांच्या वासाचं मूळ तिथेच असतं, साबणाचा हात वरून फिरवून जात नाही. आठवड्यातून एकदा खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवा. आणि भांड्यांच्या दुकानात नाव कोरून मागा, झाकणावर आणि बुडावर दोन्हीकडे. झाकणं हरवतात, तीही अदलाबदली होऊन.